नावामागचं शेपूट

"फोटोतून व्हायरस येत नाही, एवढं मलाही कळतं," ताई म्हणाली. "आमच्या धाकट्याला तेवढंही कळलं नाही. कुठली नको ती फाइल उघडली कोण जाणे."

समोर कॉम्प्युटरमधला गेलेला डेटा काढून देणारी बाई बसली होती. स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर चालू करून ती कधीची पडद्याकडे बघत होती.

स्टुडिओ महिनाअखेरीस बंद होणार होता. कॅमेरे विकून झाले होते, मागचा राखाडी पडदा गुंडाळून कोपऱ्यात उभा केला होता. जीव अडकला होता तो या कॉम्प्युटरमध्ये. बाबांनी आयुष्यभर काढलेले फोटो त्यात होते. निगेटिव्हना बुरशी धरायला लागली तेव्हा ताईने धाकट्या भावाला बसवून सगळ्या स्कॅन करून घेतल्या आणि मूळच्या टाकून दिल्या. बाबा आजारी पडले, त्यांनी स्टुडिओ ताईच्या हाती सोपवला, आणि थोड्याच दिवसांनी एका दुपारी सगळ्या फायलींना कुलूप लागलं. एकही फोटो उघडेना. जादा प्रतींची डिस्कही त्याच कॉम्प्युटरला जोडलेली, तीही गेली.

बाबांनी अंथरुणातूनच विचारलं, कोणी केलं? ताई तोंड उघडायच्या आत धाकटा म्हणाला, "मी."

बाबा पुढे जिवंत असेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. ताईने त्याला स्टुडिओची पायरी चढू दिली नाही.

उद्या तो बायकामुलांना घेऊन कायमचा परदेशी चालला होता. आज निरोप घ्यायला आईकडे आला होता, आणि आईचे सकाळपासून फोनवर फोन चालले होते. येऊन भेट, पुन्हा कधी दिसेल कोणास ठाऊक. ताईचं म्हणणं एकच, आधी त्याने माफी मागावी. ती काही दगड नव्हती. त्याच्या आठवणीने तिचे डोळे भरून यायचे. पण एवढं नुकसान करून त्याने एकदाही 'चुकलो' म्हटलं नव्हतं, ते तिला डाचत होतं.

कामात लक्ष नसायचंच त्याचं, ती बाईला सांगू लागली. त्याच दुपारची गोष्ट. एका गिऱ्हाइकाला फोन लावायला सांगितला, तर हा तिच्या खुर्चीमागे येऊन पडद्याकडे बघत नुसता उभा. आणि तिने बजावायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. ईएक्सईला, म्हणजे प्रोग्रॅमच्या फायलीला, हात लावायचा नाही. वर्ड-एक्सेलच्या फायलीने मॅक्रो चालू करायला सांगितलं तर तिथेच बंद करायची. झिप आली तर पाठवणाऱ्याला विचारल्याशिवाय उघडायची नाही. नावाच्या शेवटी जेपीजी दिसलं की मात्र बिनधास्त उघडायचं. ती स्वतःही तेच करायची.

"फायलींच्या नावामागची ही जेपीजी-ईएक्सईची शेपटं लपवली होती का कोणी?" बाईने विचारलं.

"मीच," ताई हसली. "बाबा फोटोचं नाव बदलायला जायचे आणि जेपीजीसकट पुसून टाकायचे. मग फोटो उघडायचा नाही आणि घर डोक्यावर घ्यायचे. लपवून टाकली, कटकट मिटली."

बाईने एक सेटिंग बदललं आणि पडद्यावर बोट ठेवलं. तिथे आत्तापर्यंत 'ग्रुप फोटो जेपीजी' असं नाव होतं. आता त्याच्यामागे आणखी एक शेपूट उगवलं होतं. ईएक्सई.

"इथून आलाय तो व्हायरस. शेपटं लपवलेली, त्यामुळे खऱ्या फोटोचं जेपीजी तुमच्याकडे दिसलंच नसतं. ते दिसलं, म्हणजे मागे दुसरं काहीतरी लपलेलं होतं. फोटो नव्हताच हा."

ताई खुर्चीत टेकली. म्हणजे त्याने निष्काळजीपणा केलाच नव्हता. तिने शिकवलं तसंच तो वागला आणि फसला. बिचारा माझा भाऊ, असं तिच्या मनात आलं आणि इतक्या वर्षांचा राग क्षणात उतरला. माफीबिफी काही नको. तिने फोन उचलला, त्याचा नंबर लावला. रिंग जात होती.

"पण उघडल्यावर तरी त्याला संशय यायला हवा होता," ती हळूच म्हणाली.

"नाही येत. दाबलं की काहीच दिसत नाही. व्हायरस मागे गुपचूप कामाला लागतो. आपल्याला वाटतं, फोटोच खराब आलाय."

पलीकडे फोन उचलला गेला. "बोल ताई," धाकटा म्हणाला.

 ताईला त्या दुपारचा आवाज ऐकू येत होता, अगदी स्पष्ट, स्वतःचाच. "अरे, या गिऱ्हाइकाचा ग्रुप फोटो काही उघडत नाहीये, किती वेळा दाबला मी. फोन लाव आणि परत पाठवा म्हणावं."