आडव्या बाटलीचा अर्ज

अतुलने अर्ज नंदाबाईंच्या ओट्यावर आपटला. वरचं त्याच्या ‘ख्रिस्ती कुटुंब रक्षण समिती’चं नाव तेवढं काढा, असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या होत्या. त्या शांतपणानेच त्याचं डोकं जास्त तापलं.

पवनानगरच्या अलीकडच्या त्या गावात प्रार्थनेला येणारी घरं जेमतेम अकरा. बायकांच्या सह्यांनी अर्ज करून, त्यांचं मतदान घेऊन गावातलं दारूचं दुकान बंद पाडायचं, बाटली आडवी करायची, हे त्याने लोणावळ्याहून दोन वर्षं खेटे घालून लोकांच्या गळी उतरवलं होतं. आज दुकान, उद्या पंचायतीत आपली एक जागा. मग आपल्याला कोण मोजत नाही ते बघू, असा त्याचा हिशेब होता.

“माज्या भजनी मंडळाच्या बाया येत्यात की,” नंदाबाई म्हणाल्या. “पर हे नाव बगितलं का दुकानवाला गावभर सांगंल, धर्म बदलायचं काम चाललंय. मग येक बी घराबाहेर पडायची न्हाई.”

“दारूविरुद्ध पहिलं तोंड आम्ही उघडलं. आता आम्ही कोण, तेच लपवायचं?”

“लपवू नका, भाऊ. फकस्त लिवू नका.”

असल्या शहाणपणाची त्याला चीड होती. दर वेळी आम्हीच का अंग चोरायचं? अर्ज उचलून तो तडक प्रार्थनेच्या पत्र्याच्या खोलीकडे निघाला. आपल्या बायका तरी ताठ मानेने सह्या करतील, याबद्दल त्याला शंका नव्हती.

खोलीत सुषमा सतरंज्या अंथरत होती. समितीच्या कुठल्याही कागदावर पहिली सही अध्यक्षाची, ही त्यानेच घालून दिलेली रीत. त्याने झोकात सही ठोकली आणि पेन तिच्यापुढे धरलं.

“आमी सगळ्यांनी सकाळीच केल्या, ब्रदर,” ती खाली बघत म्हणाली. “नंदाबाईंनी बिननावाचा येगळा अर्ज केलाय, त्याच्यावर.”

“मला न विचारता?”

“तुमी न्हाई म्हनला असता.”

दोन वर्षं पायपीट त्याने केली होती. आपण हरलो की जिंकलो, तेही त्याला कळेना, आणि त्याचाच जास्त संताप येत होता.

“निदान या अर्जावर तरी कर,” शेवटी तो म्हणाला. “एकटीची असली तरी चालेल. माझी आहेच.”

सुषमाने कागद हातात घेतला आणि त्याची सही नीट निरखून पाहिली.

“तुमची धरायचे न्हाईत, ब्रदर,” ती हळूच म्हणाली. “अर्ज बायकांचा हाय.”