थंडीच्या नावावर

गाडीच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा शंभर होता.

टोरलेवने चष्मा काढून मफलरला पुसला आणि पुन्हा लावला. शंभरच. बाहेर उणे वीसच्या खाली पारा, या हिवाळ्यातली सगळ्यात कडक सकाळ. आणि अख्खा हिवाळा जी गाडी निम्म्याच्या वर तसूभरही चढली नव्हती, ती आज काठोकाठ भरून, आतून ऊबदार होऊन दारात उभी.

मुलगी गुन्वर फुलांचं चक्र मागच्या सीटवर ठेवून स्टिअरिंगमागे येऊन बसली. तिने काळा कोट घातला होता. "निघूया, बाबा. वेळेत पोचलो नाही तर डोंगराच्या फाटकावरून रांग निघून जाईल."

डोंगरावर वारं सुटलं की तिथे कुणाला एकट्याने सोडत नाहीत. बर्फ सारणारी गाडी पुढे आणि बाकीच्यांनी तिच्यामागे रांगेने जायचं. डोंगरापलीकडे आज टोरलेवच्या धाकट्या भावाला, ओडमुंडला, मातीत ठेवायचं होतं.

गाडी निघाली. हीटरची ऊब पायांना लागली तसे टोरलेवने पाय मागे ओढले. आजवर तो हीटर बंद ठेवून, एकावर एक लोकरीचे मोजे चढवून चालवत आला होता. चार्ज वाचावा म्हणून. रात्री सॉकेटला बायकोची जुनी शाल गुंडाळायचा. तान्ह्या बाळाचं करावं तसं त्याने त्या गाडीचं केलं, तरी सकाळी बघावं तर निम्मी. पंपावरच्या चार्जरवर लावली तरी निम्म्यालाच अडायची. दोनदा तसाच फाटकापर्यंत गेला, आणि तिथल्या राखणदाराने, स्टाइनारने, दोनदा परत पाठवलं. "एवढ्याशा चार्जवर वर अडकलास तर लाकूड होशील, म्हाताऱ्या. घरी जा."

रविवारी ओडमुंडचा फोन यायचा, आजारपणाच्या खाटेवरून. "पत्ते पिसून ठेवलेत. येतोस, की हरायला घाबरलास?" आणि टोरलेव सांगायचा, गाडीने थंडीपुढे हात टेकले रे. पुढे पुढे ओडमुंडने विचारणंच सोडलं.

"गुन्वर, आज थंडी फार आहे, नाही?"

"हो ना. नाक बाहेर काढवत नाही."

"मग गाडी कशी भरली?"

तिने गाडीचा वेग कमी केला. वळण आलं, गेलं.

"थंडी निम्मी बॅटरी खाते, असं तूच सांगितलं होतंस. आज तिचा उपास आहे का?"

"बाबा, आज नको ना."

"आजच."

गुन्वरने ओठ आवळले, मग एका दमात बोलली. "ऑक्टोबरात तुम्ही गाडी चरात घातलीत. कपाळाला टाके पडले. किती विनवलं, डोंगर चढू नका म्हणून, ऐकलंत का? शेवटी मी फोनवरून मर्यादा लावली. निम्म्याला थांबायची. काल रात्री काढली."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर काढायला लावली असतीत."

"लावलीच असती!" टोरलेवचा आवाज फाटला. "भाऊ मरत होता माझा!"

"ईस्टरला मी स्वतः नेणार होते तुम्हाला. मला काय माहीत, तो तोवर..." ती रडत होती, आणि तिचे डोळे पुसावेत असं टोरलेवला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं नाही.

एवढे महिने तो ज्या थंडीला शिव्या घालत होता, ती बिचारी निर्दोष होती. केसाने गळा कापला होता तो पोटच्या पोरीने, आणि तोही मायेने. पण त्याला खरं जाळत होतं ते दुसरंच. थोरला भाऊ थापा मारतो, त्याला यायचंच नाही, असं समजून ओडमुंड गेला होता. आता ते कुणीच त्याला समजावून सांगू शकणार नव्हतं.

फाटकावर चार-पाच गाड्या थांबल्या होत्या. स्टाइनार टोपीवरचा बर्फ झटकत आला आणि खिडकीत वाकला. "अरे, म्हातारा! पुन्हा आलास? बॅटरी किती?"

"पूर्ण," टोरलेव म्हणाला.

"पूर्ण? या थंडीत? काय जादू केलीस?"

"मी काही नाही केलं. मुलीने भरली."

"वा! लेक असावी तर अशी," स्टाइनारने गाडीच्या टपावर थाप मारली. "म्हणजे आज भाऊ भेटणार एकदाचा!"

"हो," टोरलेव म्हणाला. "आज भेटणार."

फाटक वर गेलं. बर्फ सारणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा पुढे फिरू लागला आणि रांग हलली. टोरलेवने हात पुढे करून हीटर बंद केला, कोटाची कॉलर वर घेतली आणि समोर बघत बसला. काचा आतून गोठू लागल्या तरी गुन्वरने तो पुन्हा लावला नाही.