म्हशीचा हयातीचा दाखला

"आता सांगतो ते कुणाला पटायचं न्हाय," बाळासोंनी दुधाचा रिकामा ग्लास वर धरला. "पण झुंबरबाई, तुमच्या ह्या मोनाचं नाव आज फिनलंडच्या सरकारात लागलं!"

शिवाजी पेठेतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळची गर्दी होती. झुंबरबाई आपल्या मोना म्हशीच्या कासेशी बसून गिऱ्हाइकाच्या ग्लासातच धार काढत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "लागू दे की. पगार किती?"

कट्टा हसला. बाळासो खुलले.

"सकाळी संयोगिताच्या सेवा केंद्रात गेलतो, हयातीच्या दाखल्याला. मोबाईल म्हणाला, डोळं मिचकावा. मी मिचकावलं. तेवढ्यात हिनं दारातनं तोंड आत घातलं आन् हिनं बी मिचकावलं! मशीनला काय कळतंय? आपल्या सरकारनं तिकडच्या सरकारला कळवून टाकलं. बाप हयात, म्हस हयात!"

"मग तिकडनं काय आलं?" पिराजी पैलवानानं विचारलं.

"तिकडनं दुपारी आमच्या विश्वजितचा फोन! हसून हसून बेजार पोरगं. म्हणतंय, आबा, ऑफिसवाले विचारायल्यात, ही कोण तुमची? म्हटलं, सांग त्यास्नी, नात्यातलीच हाय. हिच्या आज्जीच्या दुधावर तू वाढलाईस!"

पिराजीला ठसका लागला. बाळासोंनी मिशीवरचा फेस पुसला.

गेल्या सालापर्यंत हा दाखला विश्वजितला मागवून घ्यावा लागे. बापाला सांभाळतो म्हणून तिकडं त्याला करात सूट होती आणि त्यासाठी बाप जिवंत असल्याचा कागद दर वर्षी लागायचा. मग फोन यायचा. बाळासो कागदाचा फोटो पाठवताना शिक्क्यावर मुद्दाम अंगठा धरायचे. पोरगं चिडून परत फोन करायचं. मग बाळासो हात हलवून धुरकट फोटो काढायचे. तिसऱ्या फोनानंतर मात्र चांगला पाठवायचे. फार छळू नये पोराला.

आज सगळं चहा निवायच्या आत झालं होतं. "आता दोन्हीकडची कॉम्प्युटरं एकमेकांशी बोलतात, आबा," संयोगिता कौतुकानं म्हणाली होती. "विश्वजितदादांना काही विचारायलाच नको."

"बरं झालं," बाळासो म्हणाले होते.

"आबा, ते फोनचं परत सांगा की," कुणीतरी मागून ओरडलं. बाळासोंनी घसा साफ केला, आणि कट्ट्याशी स्कूटर थांबली. संयोगिता होती.

"हितं बसलाय व्हय, आबा! घरी जाऊन आले तुमच्या." तिनं पर्समधून एक जुना मोबाईल काढून त्यांच्या हातात ठेवला. "सकाळी माझ्या टेबलावरच विसरून गेलासा. मला वाटलं, आत्ता याल, मग याल. कुणाचा फोन आला तर सांगावं म्हणून दिवसभर समोरच ठेवलता."

ती गेली. मोबाईल बाळासोंच्या तळहातावर तसाच राहिला. पिराजी आपल्या ग्लासात बघत बसला.

झुंबरबाईंनी ग्लास भरला, गिऱ्हाइकाला दिला आणि पहिल्यांदाच मान वर केली.

"म्हशीचं खरं धरलं बघा, आबा. फोनचं तेवढं खोटं."