उपाशी तानूचा कार्यक्रम

तिसरा विनोदही फुकट गेला, तेव्हा पहिल्या रांगेतल्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि लाडवांचा डबा स्टेजवर सरकवला. "खा गं बाळा, किती वाळलीस!"

ऋजुताचं डोकंच फिरलं. लहानपणी तिनं मालिकेत सावत्र आईनं उपाशी ठेवलेली तानू केली होती, त्याला वीस वर्षं उलटली. आता ती स्टँडअप करायची, पण प्रेक्षकांना अजून तिच्या पोटाचीच काळजी. हसायला कुणी तयारच नव्हतं.

"अहो, ती मालिका होती!" ती माइकवर ओरडली. "उलट सेटवर त्या सावत्र आईच मला स्वतःच्या डब्यातलं भरवायच्या. त्या आल्यात आज, विचारा त्यांनाच!"

मागच्या रांगेतून त्या काठी टेकत उठल्या. "खरंय हो! निम्मा डबा हीच फस्त करायची. आणि भाजीवाली अजून मलाच किडकी वांगी देते!"

संध्याकाळचा पहिला हशा उसळला. एकदाचं पटलं बाई यांना, म्हणून ऋजुतानं श्वास सोडला.

काकू मात्र मागे वळून कडाडल्या, "इथंही आलीस पोरीच्या तोंडचा घास काढायला? खबरदार त्या डब्याला हात लावलास तर!"