शुक्रवारची नोंद

मुझम्मिलचं पत्र येऊन अकरा महिने झाले होते, आणि आंबेरकरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र नाटे गावाहून आलेलं, निळ्या शाईतलं, चार ओळींचं. ‘काका, त्या शुक्रवारी माझ्या नावाने कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तेवढं कागदावर द्या. जिथे नोकरी मागायला जातो तिथे विचारतात. मी तुमचं नाव घेतलं नाही. तुम्ही घ्याल असं वाटलं होतं.’

आज जेवणाच्या सुट्टीत आंबेरकरांनी धीर केला. मासळी परदेशी पाठवणाऱ्या त्या कंपनीत ते वजनाच्या पावत्या चढवायचे. त्रेसष्टाव्या वर्षी सुजयसाहेबांच्या मर्जीवर नोकरीत होते. त्यांनी तीन वर्षांपूर्वीच्या त्या शुक्रवारची हजेरी शोधून काढली. मुझम्मिल नमाजाला बाहेर पडला एक वाजून पाच मिनिटांनी, परतला दोनला दहा कमी असताना. ज्याच्यामुळे त्याची इथली नोकरी गेली, ते व्हायरसचं मेल त्याच्या नावाने उघडलं गेलं एक वीसला. आपल्या नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार, म्हणून दोन्ही नोंदी त्यांनी छापायला दिल्या.

प्रिंटर हललाच नाही. स्क्रीन लाल झाला. ‘नेहमीपेक्षा वेगळा वापर आढळला. हा कॉम्प्युटर रोखला आहे. तपासणी होईपर्यंत जागा सोडू नये.’

आंबेरकर जागेवरून उठले नाहीत. माऊसवरचा हातसुद्धा त्यांनी काढला नाही.

कंपनीचं नेटवर्क सांभाळणारी योगिनी हात पुसत आली. “काय ओ काका, दोन घास खाऊ पण देत नाय तुम्ही!” ती स्क्रीनवर वाकली. “चार महिने हे सॉफ्टवेअर एकेकाच्या सवयी शिकतंय. तुमची अख्ख्या ऑफिसात सगळ्यात सोपी. पावत्या, पावत्या नि पावत्या. एक ते दोन पुस्तक वाचता, तेव्हा कीबोर्डला हात नाय. आणि आज एकदम तीन वर्षांपूर्वीचं उकरायला बसलात?”

“ते जरा...” आंबेरकर म्हणाले.

योगिनीने भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. मागे सगळ्यांचे पासवर्ड पेन्सिलीने लिहिलेले होते. कुणी गावी गेलं, कुणी आजारी पडलं, तर काम अडू नये म्हणून.

“शंभरदा सांगितलं, लिहू नका इथे. बरं, आज कामाला आलं. तुमच्या नावाने दुसरंच कुणीतरी बसलं होतं असं लिहिते. दहा मिनिटांत मोकळे. नायतर रिपोर्ट सुजयसाहेबांकडे जाणार, नि मग तुमचं काय खरं नाय.”

“दुसरं कोण?”

“नितेशचं नाव टाकते. आज इथला शेवटचा दिवस त्याचा. चाललाय मुंबईला, त्याला काय फरक पडतोय?”

आंबेरकरांची मान हलू लागली होती. होकारार्थीच. किती सोपं होतं. मागच्या वेळीही त्यांना एक शब्द बोलावा लागला नव्हता.

“नको.” आवाज इतका बारीक होता, की योगिनीला आणखी वाकावं लागलं. “मीच होतो. आज पण, आणि त्या शुक्रवारी पण. माझा पासवर्ड चालत नव्हता. मुझम्मिल म्हणाला, काका, माझ्या नावाने बसा, मी नमाज पढून येतो. ते मेल मी उघडलं. तीन दिवस कंपनी बंद पडली. त्याला काढलं तेव्हा मी इथेच बसलो होतो, याच खुर्चीत.”

योगिनीने शेजारची खुर्ची ओढली आणि बसली.

“हे घालू रिपोर्टमध्ये?”

“घाल.”

“एकदा वर गेला की मागे घेता येत नाय हां, काका.”

“म्हणूनच लवकर घाल. संध्याकाळपर्यंत थांबलीस तर मी मागे घेईन.” मग जरा थांबून ते म्हणाले, “आणि एक प्रत मला दे. शिक्का मारून. खाली मी सही करतो.”

तासाभराने ते पोस्टात उभे होते. मुझम्मिलच्या नावाच्या पाकिटाची कड त्यांनी रांगेत चारदा दाबून पाहिली होती. दोनदा मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं होतं.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट उलटलं. “आजोबा, पाठवणाऱ्याचं नाव राहिलं.”

त्यांनी लिहिलं. पूर्ण नाव, वडिलांचं घालून. लिहिता लिहिताच खिशात फोन वाजू लागला. सुजयसाहेबांचा.

“घ्या की फोन. मी थांबते.”

“नको,” आंबेरकर म्हणाले, “आधी शिक्का मारा.”

बाईंनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. फोन अजून वाजतच होता.