उसना नमुना

"अहो, ही बाटली घेऊन मी करू काय?" शिवणयंत्र थांबवून तिने विचारलं.

"भरून दे," बसचालक नवरा कुजबुजला. घरात दोघंच होती, तरी. "कंपनीच्या डॉक्टरीणबाई तपासणी करतायत. मला लघवीला जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं. जंतू सापडले तर गाडी हातातून जाईल. तुझा नमुना माझा म्हणून देतो."

"ओटीपोटात कळही येते का?"

"तुला कसं कळलं?"

"आपलं विचारलं," म्हणत तिने पुन्हा यंत्र सुरू केलं. दवाखान्याचा विषय निघाला की तिला नेमकं कुणाचं तरी तातडीचं शिवण आठवायचं.

असली लबाडी तिला मुळीच पटत नव्हती. पण प्रश्न नवऱ्याच्या नोकरीचा होता.

"सकाळची पहिली हवी," त्याने बजावलं. "आधी नीट धुऊन घे. सुरुवातीची सोडून दे, मधली तेवढी धर."

"खोट्या कामात एवढा नेटकेपणा?"

"पकडलो जाऊ ना, नाहीतर!"

कडा सोडून मधलंच घ्यायचं, हे शिवणाऱ्या बाईला दोनदा सांगावं लागत नाही. बाटली भरली, गेली.

दोन दिवसांनी नवरा पडेल चेहऱ्याने घरी आला. "जंतू निघाले. बाईंनी दोघांनाही बोलावलंय."

आपल्यापायी या भल्या माणसाची नोकरी चालली, या विचाराने तिला रडूच फुटलं. निघण्याआधी ती घाईघाईने दोनदा संडासात जाऊन आली.

"ई. कोलाय नावाचा जंतू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतड्यात असतो तोवर बहुतेकदा गुण्यागोविंदाने नांदतो. मूत्राशयात शिरला की उच्छाद मांडतो. पाणी कमी प्यायचं, तासन्‌तास बसून लघवी दाबून ठेवायची, मग त्याचं फावतं. गोळ्या पूर्ण घ्यायच्या. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत."

नवरा छताचा पंखा निरखत होता. तिला राहवेना.

"बाई, यांची गाडी काढून घेऊ नका हो! हे जंतू यांचे नाहीत, माझे आहेत! बाटली मीच भरली. कधीपासून जळजळ होतेय, पण लाजेने कुणाला बोलले नाही!"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून आधी तिच्याकडे, मग पंख्याकडे पाहणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं.

"अहो, बाटलीवर नाव तुमचंच आहे. यांची तपासणी तर गेल्या महिन्यातच झाली. ठणठणीत आहेत ते!"