नळ, नाक आणि जेली

“नळ माणूस सोडतो, मिस्टर पिकरिंग! नाक कोणी सोडतं का?”

हेस्टर लम्लीचा आवाज एवढा चढला की चहाच्या गाडीभोवती उभ्या असलेल्या सगळ्यांचे कप ओठांपाशीच थांबले. आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत माणसं रागावली की हळू बोलतात. ओरडणं कोणी ऐकलंच नव्हतं. त्यात हा निरोपाचा चहा. मुख्य संपादक अँब्रोज पिकरिंग आज निवृत्त होत होते. केक कापून झाला होता. त्यांना लहान मुलासारखी जेली आवडते, म्हणून लाल जेलीही मुद्दाम केली होती. तिचा वाडगा त्यांनी हातात घेतला, तोच ही बाई प्रुफं घेऊन समोर उभी ठाकली.

छपाईआधीची ही प्रुफं तिच्या ‘रन’ या इंग्रजी शब्दाची होती. शब्द केवढासा! पण माणूस धावला की रन, नळ सोडला की रन, नाक वाहिलं की रन, दुकान चालवलं तरी रन, निवडणुकीला उभं राहिलं तरी रन, आणि पायमोजा उसवत गेला तर तोही रनच. तरुणपणी हा शब्द घेऊन बसलेली हेस्टर आता चष्मा लावून त्याच्याच मागे होती. एकेक अर्थ तिने पुराव्यानिशी वेगळा काढला होता. आणि छपाईला जायच्या दिवशी पिकरिंगसाहेबांची लाल पेन्सिल त्यावरून फिरली होती. ‘हे दोन्ही एकच, एकत्र करा.’ नळ आणि नाक एकत्र! कपड्याचा रंग जाणं आणि कागदावर शाई पसरणं एकत्र! पानापानावर हेच.

का, ते कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कोणी नव्हतं. पिकरिंगनी उमेदीच्या वयात ‘सेट’ या शब्दाची नोंद केली होती. इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ त्याचेच. तो मान त्यांनी जन्मभर मिरवला होता. गावातल्या पबमध्ये त्यांची ओळखच ‘सेटवाले पिकरिंग’ अशी करून देत. आता अर्थांच्या मोजणीत ‘रन’ त्याच्या पुढे जाणार असं दिसत होतं, आणि तेही नेमकं त्यांच्या शेवटच्या दिवशी.

“हेस्टर, आज नको गं,” शेजारच्या टेबलावरचा बर्नार्ड कुजबुजला.

“आज नको तर कधी? उद्या हे घरी जाऊन गुलाबांना पाणी घालतील आणि माझा शब्द लंगडा छापला जाईल! मिस्टर पिकरिंग, सरळ सांगा ना, तुमचा सेट दुसरा येतोय म्हणून पोटात दुखतंय!”

पिकरिंग कानापर्यंत लाल झाले. त्यांनी तिच्या हातातली प्रुफं घेतली, दुसऱ्या हातात जेलीचा वाडगा तसाच धरून आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

हेस्टर टेबलाशी धुमसत बसली. तिच्याजवळ जायची कोणाची हिंमत झाली नाही. अंधारून आलं तसा छापखान्याचा माणूस खाली येऊन थांबला. मग मात्र ती उठली आणि दारावर टकटक न करता आत शिरली.

पिकरिंग टेबलाशी बसले होते. वाडगा हिटरवर ठेवलेला, जेलीला चमचासुद्धा लागलेला नव्हता.

“ये. तुझं झालंय,” ते म्हणाले.

तिने प्रुफं ओढून घेतली. कापलेल्या प्रत्येक ओळीखाली लाल टिंबं होती. आमच्या कामात कापलेल्या मजकुराखाली टिंबं दिली की तो होता तसा राहतो. नळ वेगळा राहिला होता. नाक वेगळं. शाईसुद्धा.

“तू खरं बोललीस. दुखत होतं पोटात,” पिकरिंग म्हणाले. “आणि जाताना कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याने आपला शब्द फुगवून ठेवला. आत्ता मोजलं तर सेट अजून चार-दोन अर्थांनी पुढेच निघाला, म्हणून तोही चांगला छाटलाय. आता तुझा रन पहिला. वर्तमानपत्रवाल्यांना खुशाल कळव.”

हेस्टरला एकदम हलकं वाटलं. एवढ्या वर्षांचं चीज झालं होतं. बाहेर जाऊन बर्नार्डला गदागदा हलवावं असं तिला वाटलं. छापखान्यासाठी तिने ‘रन’ आणि ‘सेट’च्या प्रुफांचे दोन्ही गठ्ठे उचलले, आणि सवयीने ‘सेट’च्या वरच्या पानावर नजर टाकली.

“हे काय केलंत?”

“काय?”

“जेली सेट होते आणि सिमेंट सेट होतं, हे एकत्र?”

“आधी पातळ असतं, मग घट्ट होतं. एकच तर आहे.”

तिने पान उलटलं. मोडलेलं हाड बसवणं आणि अंगठीत खडा बसवणं एकत्र. आणखी एक पान उलटलं. तिथेही तीच कत्तल.

“राहू दे, हेस्टर,” पिकरिंग हळूच म्हणाले. “ते परत घेतलंस तर तुझा रन पुन्हा मागे पडेल. बघ, विचार कर.”

हेस्टरने दोन्ही गठ्ठे टेबलावर ठेवले. मग चहाच्या वेळसारखीच ती पुन्हा भडकली. हिटरवरचा वाडगा उचलून तिने त्यांच्यापुढे दणकन आदळला. लाल पाणी उसळलं आणि त्यांच्या टायवर सांडलं.

“ही बघा तुमची जेली! पुन्हा पाणी झालं हिचं! सिमेंटचं होतं का? खड्ड्यात गेला तो पहिला नंबर. पेन्सिल द्या इकडे!”

आणि ‘सेट’च्या कापलेल्या ओळींखाली ती एकेक टिंब देऊ लागली.